आहेराची वही आणि व्हिसाची फाईल

खानदेशातल्या लग्नाला साक्षीदारांची वानवा नसते. साखरपुड्याला दोन्हीकडचे पाहुणे, बस्त्याला भाऊबंद, हळदीला सगळी गल्ली आणि लग्नाला पंचक्रोशी. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून एक विश्वासातला माणूस आहेराची वही लिहीत बसतो: कुठल्या गावचा कोण, रोख किती, भांडे की कापड. ही वही लोखंडी पेटीत वर्षानुवर्षे जपली जाते, कारण पुढे त्याच्या घरी लग्न निघाले की तेवढाच आहेर, किंवा थोडा चढता, परत करायचा असतो. हिशेबाला इतका काटेकोर असलेला हा समाज लग्नाच्या सरकारी नोंदीच्या बाबतीत मात्र कमालीचा सैल आहे. हजार माणसांनी अक्षता टाकल्या, आणखी पुरावा कशाला, हा त्यामागचा विचार. गावात तो बरोबरही आहे. पण नवरा अमेरिकेत, इंग्लंडात किंवा कॅनडात असला की त्या हजारांपैकी एकालाही मुंबईच्या व्हिसा केंद्रात उभे करता येत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की जोडीदाराच्या व्हिसाची अडचण मुंबईत उघडकीला येत असली तरी तयार होते ती जळगाव-धुळ्याच्या शाळांत, ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत. म्हणून तिच्यावरचा निम्मा इलाजही इथेच आहे.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाहाचे ज्ञापन निबंधकाकडे द्यायचे, त्यावर तीन साक्षीदारांच्या सह्या, लग्न लावणाऱ्या भटजीचा तपशील आणि सही, सोबत लग्नपत्रिका, फोटो, वयाचे आणि राहण्याचे दाखले. गावात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे असते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे राज्यांना सांगितले. म्हणजे कायदा आहे, नमुने आहेत, कार्यालयही हाकेच्या अंतरावर आहे. गोची होते ती वेळापत्रकाची. परदेशातला मुलगा दोन-तीन आठवड्यांची रजा काढून येतो. त्यातच साखरपुडा, तिथी, लग्न, देवदर्शन. ग्रामसेवकाकडे बहुधा एकाहून जास्त गावे असतात, तो ठरावीक वारीच भेटतो. तिसरा साक्षीदार सुरतेला परतलेला असतो आणि भटजी पुढच्या मुहूर्तावर पोचलेला असतो. मग नोंदणी ‘नंतर बघू’वर जाते, नवरा एकटाच विमानात बसतो, आणि चार महिन्यांनी अर्जाची वेळ आली की धावाधाव सुरू होते. उशिरा केलेली नोंद कायद्याने चालते, दंड भरून ती होतेच. पण दाखल्यावर लग्नाची आणि नोंदणीची अशा दोन तारखा असतात, आणि त्यांच्यातले अंतर वाढले की फाईल वाचणाऱ्याला प्रश्न पडतो: हे लग्न तेव्हाच झाले होते, की व्हिसासाठी आत्ता झाले?

नोंद वेळेवर झाली तरी नावाचा घोळ उरतोच, आणि माझ्या मते सगळ्यात खोल खड्डा हाच आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलीचे आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम उलटा. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव कोरले असेल, तर लग्नपत्रिकेवर एक नाव आणि आहेराच्या भांड्यांवर दुसरे. लग्नानंतर मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते. आपल्याला यात काहीच अवघड वाटत नाही. पाटलांच्या घरातली मुलगी चौधऱ्यांच्या घरात गेली, एवढीच गोष्ट. पण पासपोर्टावर नावाचे दोनच रकाने आहेत, त्यात वडील किंवा नवरा कुठे बसवायचा हे प्रत्येक कार्यालय आपापल्या समजुतीने ठरवते. इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा आणखी वेगळी: ‘लक्ष्मी’तल्या ‘क्ष’साठी एका कारकुनाने एक्स लिहिला, दुसऱ्याने के-एस-एच. मराठीत ती एकच बाई, रोमन लिपीत दोन. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रात नावबदलाची जाहिरात हे उपाय आहेत आणि चालतातही. तरी प्रत्येक प्रतिज्ञापत्र हे फाईलवरचे एक ठिगळ असते, आणि ठिगळे जास्त झाली की मूळ कापड कोणते हेच कळेनासे होते.

ही पडझड आई-वडिलांना बोलावताना जास्त दिसते. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो, आणि त्या वर्गाला वार्षिक मर्यादेची रांग नाही. कायदा इतका उदार, पण त्याला नाते सिद्ध करणारा मुलाचा जन्मदाखला हवा. चोपडा, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातल्या एखाद्या गावातली जुनी जन्मनोंद काढली की तिथे बाळाचे नाव नसते; फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव. नाव नंतर घालायची सोय कायद्यात आहे, पण तिला मुदत आहे. काही वेळा नोंदच नसते, आणि शाळेतली जन्मतारीख १ जून असते, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींना प्रवेशासाठी वय पुरे करायचे होते. गावातली एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. परदेशी अधिकाऱ्याला त्यात गंमत वाटण्याचे कारण नाही. वर्षाहून उशिराच्या जन्मनोंदीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा प्रशासनाकडे आला. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. म्हणजे ही कटकट पुढच्या पिढीत आपोआप कमी होईल. आजच्या अर्जदाराला त्याचा उपयोग नाही.

दाखले जमल्यावर त्यांना देशाबाहेर किंमत यावी लागते. भारत २००५ साली हेग आपोस्टिल करारात आला. राज्य शासनाकडून कागद प्रमाणित करून घ्यायचा, मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा आपोस्टिल शिक्का, म्हणजे करारातले इतर देश तो मानतात. कॅनडा या करारात २०२४ च्या जानेवारीत आला. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्याने तिथे हा शिक्का पुरत नाही, कागदांची वेगळी पडताळणी होते. शिवाय जर्मनीला जाणाऱ्या पत्नीला साधारणपणे ए-१ पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर ती माफ. अमळनेरच्या मुलीने ही परीक्षा द्यायची म्हणजे पुण्या-मुंबईच्या खेपा आल्या.

आता पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप. हा सगळा खटाटोप अपमानास्पद आहे, गोऱ्या देशांना आपली ठरवून केलेली लग्ने खोटी वाटतात, आणि दोष आपल्या दप्तरात शोधणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे, असे म्हणता येईल. या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. १९७९ च्या सुरुवातीला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ झाल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले. पुढे ब्रिटनमध्ये ‘मुख्य हेतू’चा नियम आला: या लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेला हेतू कसा सिद्ध करायचा? भारतीय उपखंडातल्या ठरवून केलेल्या लग्नांना याची सर्वाधिक झळ बसली. १९९७ साली हा नियम रद्द झाला. तेव्हा संशय निष्पाप होता असे मी म्हणणार नाही. पण आज काय विचारले जाते ते नीट पाहिले पाहिजे. कॅनडाच्या अर्जात ओळख कोणी करून दिली, प्रत्यक्ष कधी भेटलात, समारंभ कुठे झाला, घरचे कोण हजर होते हे विचारतात. ब्रिटनमध्ये जोडप्याची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि नाते खरे व चालू असल्याचे दाखवावे लागते. या प्रश्नांना ठरवून केलेल्या लग्नाकडे प्रेमविवाहापेक्षा जास्त भरघोस उत्तरे असतात. मध्यस्थ आहे, परिचय मेळाव्याची पुस्तिका आहे, बैठकीत झालेली यादी आहे, पत्रिकेत छापलेली वीस नातेवाइकांची नावे आहेत, आहेराची वही तर आहेच. अडते एवढ्यावरच की हा पुरावा आपण पुरावा म्हणून मांडत नाही. त्याऐवजी काश्मीरच्या पडद्यासमोर स्टुडिओत काढलेले बारा फोटो जोडतो, ज्यांत दोघांशिवाय कोणी नाही. दोन्ही घरची माणसे एकत्र असलेला, मागे तारीख आणि नावे लिहिलेला एक साधा फोटो त्या बाराहून जास्त बोलतो. तीच गोष्ट नंतरच्या महिन्यांची. फोन, पैसे पाठवल्याच्या नोंदी, नवऱ्याच्या येण्या-जाण्याची तिकिटे, यांचा माग ठेवला तर नाते चालू आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: हे सगळे एजंट बघतो, त्याचेच तो पैसे घेतो. अर्ज भरणे, तारीख घेणे, शुल्क भरणे हे एजंट चांगले करतो. पण नोंदवहीतली चूक त्याला दुरुस्त करता येत नाही, आणि हातघाईला आला की तो झाकायला बघतो. ‘पहिली भेट’ या रकान्यात सगळ्यांसाठी तोच परिच्छेद चिकटवतो. मुलाखतीत मुलगी खरे सांगते, अर्जात दुसरेच लिहिलेले असते, आणि खऱ्या लग्नावर खोटेपणाचा ठपका येतो. नकारापेक्षा हा ठपका वाईट, कारण चुकीची माहिती दिल्याचा शेरा पुढच्या प्रत्येक अर्जामागे येतो.

तिसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो: शेवटी सगळे पैशावर असते. ब्रिटनने जोडीदार आणण्यासाठीची किमान उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी कुटुंबीयांना बोलावताना सहसा दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाची हमी लागते. नियम एका रात्रीत आवळलेही जातात: ब्रिटनने मार्च २०२४ मध्ये नव्याने जाणाऱ्या केअर वर्करला कुटुंब नेण्याची बंदी केली, आणि अमेरिकेने १५ डिसेंबर २०२५ पासून नोकरीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला घेतली आहेत. यातले काहीही जामनेरच्या ग्रामसेवकाच्या हातात नाही. म्हणूनच मी निम्माच इलाज म्हटले. पण ज्याचे उत्पन्न बसते, ज्याचा वर्ग खुला आहे, त्याची फाईल एका अक्षरावरून अडणे हे दैव म्हणून सोडून द्यायचे कारण नाही.

जुन्या मोडलेल्या लग्नाचे प्रकरण याहून नाजूक. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट जिवंत ठेवला आहे, आणि खानदेशात बैठकीत बसून, स्टॅम्पपेपरवर लिहून फारकत घेण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. गाव ती मानते, नवी सोयरीक होते, लग्न लागते. परदेशी कार्यालय मात्र पहिले लग्न संपल्याचा न्यायालयाचा हुकूमनामा मागू शकते, आणि तो नसला तर दुसऱ्या लग्नाच्या वैधतेलाच धक्का बसतो. दुसऱ्या वेळी लग्न करणाऱ्यांनी व्हिसाचा विचार सुरू होण्याआधीच दिवाणी न्यायालयाकडून तसे घोषित करून घेणे शहाणपणाचे. पुढे घाईत ते होत नाही.

यातला सगळ्यात मोठा धोका मुलीच्या वाट्याला येतो, आणि कागदाचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः त्यासाठी. वराच्या पगाराची, घराची, गाडीची चौकशी आपण करतो. त्याचा व्हिसा कोणता, त्यावर बायकोला नोकरी करता येते का, हे विचारायला संकोचतो. एच-४ वर गेलेल्या पत्नीला सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याचे ग्रीन कार्ड प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचले आहे त्यांनाच परवाना मिळतो. इंजिनीअर होऊन गेलेल्या मुलीला हे तिथे उतरल्यावर कळणे बरे नव्हे. लग्न करून सोडून दिलेल्या बायकांच्या तक्रारींमुळे अनिवासी भारतीयांच्या विवाहांची ३० दिवसांत सक्तीने नोंदणी करणारे विधेयक २०१९ साली राज्यसभेत आले, आणि २०२४ मध्ये विधी आयोगाने याविषयी सर्वंकष कायद्याची शिफारस केली. अशा बाईला तक्रार करताना पहिल्यांदा लागतो तो विवाहाचा दाखला, आणि तो बहुधा नवऱ्याच्या फाईलमध्ये सात समुद्रापलीकडे असतो. दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टाची आणि व्हिसाची प्रत, त्याच्या नोकरीचा पत्ता, यांचा एक संच माहेरी असावा. मुलीच्या बापाने ही मागणी केली तर सासरच्यांना ती झोंबेल, हे मला कळते. पण मानपानाच्या यादीत शालू-शेल्याची नोंद करताना जो संकोच होत नाही, तो इथेच का व्हावा?

धुळ्यात १९२६ च्या शेवटच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे वारले. वाळवीने खाण्याआधी घराघरांतली दप्तरे हाती लागावीत म्हणून ते आयुष्यभर पायपीट करत राहिले, आणि विवाहसंस्थेच्या इतिहासावरही त्यांनीच लिहिले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ असलेल्या या भागात लग्नाचा कागद हा सरकारी उपद्रव समजला जावा, याची मौज वाटते. मांडवाच्या दाराशी टेबल तर असतेच. त्यावर आहेराच्या वहीशेजारी ज्ञापनाचा कोरा नमुना आणि मुलीचा पासपोर्ट ठेवला, नाव त्यातल्या स्पेलिंगप्रमाणे लिहिले, की भटजी, दोन्हीकडचे साक्षीदार आणि नवरा-नवरी यांच्या सह्या अर्ध्या तासात होतात. संध्याकाळी भटजी दुसऱ्या गावाला निघतो आणि आठवड्याने नवरदेव मुंबईकडे.