इटालियन द्राक्ष आणि तांबडी वाइन : शेतकऱ्यानें काय जाणावें

द्राक्ष म्हटलें कीं आपल्याकडील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें बाजारांत खाण्यासाठीं येणारा हिरवा, लांबट, बिनबियांचा मणी उभा राहतो. ज्या द्राक्षाची तांबडी वाइन होते तें फळ याहून अगदीं निराळें असून त्याची निगा, त्याचा उपयोग व त्याचा बाजार हीं तिन्ही निराळीं आहेत. इटलींतील 'सांजिओवेझे' नांवाची अशी एक जात सोलापूर जिल्ह्यांतील अकलूज भागांत रुजली आहे. तिच्याविषयीं बुलढाणा जिल्ह्यांत कुतूहल उत्पन्न होणें साहजिक असल्यामुळें ही माहिती देत आहों. मद्य वर्ज्य मानणारे माळकरी वाचक आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनीं हा लेख केवळ एका पिकाची हकीकत म्हणून वाचावा.

सांजिओवेझेचें माहेर मध्य इटलींतील तस्कनी प्रांत. तेथील कियांती भागाच्या सीमा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें १७१६ सालीं जाहीरनामा काढून ठरवून दिल्या. पुढें बेत्तीनो रिकासोली या जमीनदारानें, जो इटलीचा पंतप्रधानहि झाला होता, आपल्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचें सार १८७२ सालच्या एका पत्रांत मांडलें. वाइनचा सुवास व जोम सांजिओवेझेपासून मिळतो. कानायोलो जातीच्या द्राक्षानें तिचा कडकपणा मऊ होतो. आणि फार दिवस न मुरवतां रोजच्या जेवणांत घ्यावयाच्या वाइनींत मालवाझिया हें पांढरें द्राक्ष मिसळावें, असा त्याचा अभिप्राय होता. वाइनचा विचार तेथें जेवणाला धरूनच होत आला आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

अकलूज येथील 'फ्रातेल्ली' हा कारखाना २००७ सालीं निघाला. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ 'भाऊ'. आणि इटलीचे सेच्ची बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु व अकलूजचे मोहिते-पाटील बंधु अशा तीन जोड्यांनीं तो उभारला. तस्कनींतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी हे सातवे. यावरूनच त्यांच्या एका तांबड्या वाइनचें नांव 'सेत्ते', म्हणजे 'सात', असें ठेविलें गेलें. ती सांजिओवेझे व काबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची असून ओक लाकडाच्या पिंपांत मुरविलेली असते.

इटलींत वेल हिंवाळ्यांत निजतो व फळ सप्टेंबर-ऑक्टोबरांत पिकतें. आपल्याकडे वेल निजत नाहीं. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरतां फळछाटणी करून माल थंडीच्या अखेरीस काढावा लागतो. थंड रात्रींमुळें मण्यांतील आंबटपणा टिकतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, सालीचा जाड व बियांचा असतो, आणि तो तसाच राहावा लागतो. रस बहुधा पांढराच असतो. तांबडा रंग व तुरटपणा हीं सालींतून व बियांतून येतात. म्हणून तांबड्या वाइनकरितां रस सालीसकट आंबवितात. पाणी जास्त देऊन मणी फुगविला तर वजन वाढतें, पण वाइन पातळ व बेचव होते.

सेत्ते आम्हीं प्रथम नुसती चाखली तेव्हां कच्च्या जांभळानें ओढावी तशी जीभ ओढली गेली. मटणाच्या रश्श्याबरोबर घेतली तेव्हां तोच तुरटपणा मावळून पिकल्या करवंदासारखा स्वाद पुढें आला, व तो आमच्या स्मरणांत राहिला आहे. याचें कारण असें कीं, तुरट द्रव्य लाळेंतील प्रथिनांस चिकटतें व तोंड कोरडें पडतें. अन्नांत मांस व स्निग्धांश असल्यास तें तिकडे गुंततें. तुपांत भिजलेले रोडगे व वांग्याची भाजी यांच्याबरोबरहि ही वाइन चांगली लागते. तिचा आंबटपणा तुपाचा जडपणा कमी करतो. मात्र भाजींत तिखट बेताचेंच असावें, कारण मद्यार्कानें मिरचीचा दाह वाढतो. तांबडी वाइन १६ ते १८ अंश सेंटिग्रेडवर घ्यावी असा संकेत आहे. घरांतील उष्णतेवर ती ठेवावी हा युरोपांतील नियम आपल्या उन्हाळ्यांत चालावयाचा नाहीं; बाटली कांहीं वेळ थंड पाण्यांत बुडवून ठेवावी. वाइनींत सामान्यतः शेंकडा १२ ते १४ मद्यार्क असतो. ती औषध नव्हे, हें विसरूं नये.

आतां मुख्य प्रश्न : हें पीक आपण लावावें काय? घाटाखालील पूर्णाकांठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि खारपाण पट्ट्यांतील पाणी वेलीस मानवत नाहीं. घाटावरील निचऱ्याची मुरमाड जमीन त्या मानानें बरी. परंतु जमिनीहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची आहे. सरकी पडून राहिली तरी खामगांवास नेतां येते. खाण्याचें द्राक्ष विकलें गेलें नाहीं तर त्याचे बेदाणे होतात. वाइनचें द्राक्ष मात्र बियांमुळें खाण्याच्या बाजारांत खपत नाहीं व बेदाण्यासहि चालत नाहीं. त्यास वाइन करणाऱ्याखेरीज दुसरें गिऱ्हाईक नाहीं. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर नाशिककडे या द्राक्षांच्या बागा वाढल्या. पण २००८ सालच्या जागतिक मंदीनंतर खरेदी घटली, आणि कित्येक शेतकऱ्यांस उभे वेल उपटावे लागले.

म्हणून आमची शिफारस अशी कीं, कारखाना जवळ असल्यावांचून, आणि भाव, गोडीची प्रत, उचल व पैसे देण्याची मुदत हीं चारहि कलमें लेखी करारांत आल्यावांचून, कोणीं एक गुंठाहि लावूं नये. करार हातीं असल्यास प्रथम थोड्या क्षेत्रावर अनुभव घ्यावा. वेल लावल्यावर पहिला माल येण्यास दोन-तीन वर्षें जातात; तितका काळ मांडवाचा व मजुरीचा खर्च आपल्याच पदरचा असतो.