दंत, डेंटल आणि टूथ

नांदेडच्या विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘डेंटल’ हा शब्द पाठ करावा लागत नाही. ‘दंत’ आठवला की झालं. त्यावरून ‘इंग्रजांनी शब्द संस्कृतातून उचलला’ असंही कुणी ठोकून देतं. ते खरं नाही. ‘डेंटल’ इंग्रजीत आला लॅटिनमधून, आणि लॅटिन व संस्कृत या एकाच लुप्त भाषेच्या लेकी. इंग्रजीचा घरचा शब्द ‘टूथ’. दिसायला परका, पण ‘दंत’शी त्याचंही रक्ताचंच नातं.

पुरावा साम्यात नाही, फरकात आहे. ‘द’च्या जागी ‘ट’, ‘त’च्या जागी ‘थ’. हाच बदल इतरत्र पाहा : द्वि–टू, दश–टेन, त्रि–थ्री, तनु–थिन. ‘प’चा तसाच ‘फ’ : पाद–फूट, पितृ–फादर. गुडघ्याला लॅटिनमध्ये ‘गेनू’, संस्कृतात ‘जानु’, इंग्रजीत ‘नी’. त्या ‘नी’च्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ म्हणजे जुन्या ‘ग’ची खूण. परीकथांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या जेकबनं १८२२ मध्ये हा नियम मांडला. नुसत्या साम्यावर भिस्त ठेवली तर फसगत होते. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थ तोच, नातं मात्र काहीच नाही.

नियमाला अपवाद होतेच. भ्रातृ आणि पितृ, दोन्हींत ‘त’. मग जर्मनमध्ये ‘ब्रूडर’ पण ‘फाटर’ का? उत्तर वेदपठणात निघालं! भ्रातृ शब्दाचा वैदिक स्वर पहिल्या अक्षरावर, पितृचा दुसऱ्यावर. मूळ भाषेतल्या स्वराची ही जागा बदलली की जर्मानिक भाषांत व्यंजनही निराळं झालं, हे डेन्मार्कच्या कार्ल वेर्नरनं १८७०च्या दशकात दाखवून दिलं. वैदिकांनी तोंडपाठ जपलेला स्वर जर्मन व्याकरणाच्या असा कामी आला. मला तरी यापेक्षा देखणा पुरावा ठाऊक नाही.

असे बदल पाहायला युरोपातच जावं लागतं असंही नाही. देगलूरपलीकडे तेलुगू, उदगीरपलीकडे कन्नड. या द्राविड कुळातल्या, मराठीच्या सख्ख्या नव्हेत. पण नियमबद्ध बदल त्यांच्यातही आहे. दूध तेलुगूत ‘पालु’, कन्नडमध्ये ‘हालु’. जुन्या कन्नडमध्येही ‘प’च होता, पुढे त्याचा ‘ह’ झाला. म्हणून तेलंगणात गावाच्या नावाअखेरीस ‘पल्ली’ दिसते आणि कर्नाटकात ‘हळ्ळी’.