रोज पडणाऱ्यांचा दोर

स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये पडणं हा सरावाचाच भाग. त्यासाठी दोर डायनॅमिक, म्हणजे ताणला जाऊन झटका पचवणाराच हवा. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर लीडला, म्हणजे दोर सोबत नेत वर चढताना, चालत नाही, कितीही जाड असला तरी. सिंगल दोराच्या टोकावर वर्तुळात १ हा आकडा छापलेला असतो, तो आधी पाहा.

यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या चाचणीतल्या 'यूआयएए फॉल्स'च्या आकड्यावर बरेच जण भाळतात. या चाचणीत ८० किलोंचं वजन फॉल फॅक्टर (पडण्याचं अंतर भागिले सोडलेल्या दोराची लांबी) सुमारे १.७७ ठेवून पुन्हापुन्हा टाकतात. सिंगल दोराने किमान ५ झटके सोसावेच लागतात. बोल्ट ठोकलेल्या मार्गावरचे नेहमीचे फॉल याहून पुष्कळ सौम्य. त्यामुळे ७ की ९ यावर अडून बसू नये.

दोर खरा झिजतो गाठीजवळच्या काही मीटरमध्ये. प्रत्येक फॉलला तोच भाग कॅराबिनरवर घासतो. आधी तिथे तंतूंची लव उभी राहते, मग आवरण सैल पडतं. म्हणून आवरणाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आणि जाडी ९.८ ते १० मिमी असलेला दोर घ्यावा, थोडा जड झाला तरी. शक्यतो ७० मीटरचा घ्या, टोक कापायला वाव राहतो. कापल्यावर मध्यखूण मात्र चुकते, ती नव्याने करा.

बदामीच्या वालुकाश्मावर दोराखाली रोप बॅग अंथराच. बारीक वाळू आवरणात शिरून तंतू आतून कापते. दोराची टोकं आलटूनपालटून बांधा. मधल्या भागात गाभा दिसला किंवा बोटांना मऊ, चपटी जागा लागली, तर दोर त्याच दिवशी बाद करा.