आराखडा कोणाचा, काम कोणाचे?

इटियाडोहच्या नहरावर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बांधकामाच्या निविदेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु नहराच्या तळाची पातळी चार बोटे चुकली तर शेवटच्या बांधीत पाणी चढत नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक आहे?

गाढवी नदीवरील हे मातीचे धरण १९७० मध्ये पुरे झाले. सरकारी कामांची रूढ पद्धती अशी की, खात्याचे अभियंते मोजणी व आराखडा करतात आणि ठेकेदार त्याबरहुकूम बांधतो. दोष निघाला म्हणजे ठेकेदार आराखड्याकडे बोट दाखवितो व आराखडा करणारा कामाकडे. दुसऱ्या पद्धतीत आराखडा व बांधकाम दोन्ही एकाच ठेकेदाराकडे, ठोक रकमेत सोपविली जातात. उंच जलकुंभांसाठी आपल्या राज्यात ती जुनीच आहे; ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही १६ भागांत अशाच धर्तीच्या करारांनी बांधला गेला.

आपल्या भागास ही कल्पना नवी वाटू नये. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. कोहळी मंडळी जागा निवडीत, पाळ घालीत, तुडूम व सलंग बसवीत, आणि त्याच पाण्यावर स्वतः धान व ऊस पिकवीत. चुकीचे फळ त्यांच्याच शेतात दिसे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि बांधणारा व भोगणारा यांची ताटातूट झाली.

आजचा ठेकेदार काम संपताच निघून जातो. त्याला बांधून ठेवतो तो केवळ करार. आमच्या मते जलकुंभ, जलसेतू अशा कामांस ही पद्धती चांगली. मातीकामात मात्र जपून वापरावी. जमिनीखाली मुरूम लागेल की खडक, हे ठाऊक नसल्याने ठेकेदार त्या जोखमीची किंमत आधीच निविदेत धरतो.

शेतकऱ्याने बोलावयाचे ते निविदा निघण्यापूर्वी. ठोक रकमेचा करार झाल्यावर ‘विमोचक दहा हात वर घ्या’ म्हटले तर तो बदल ठरतो व त्याचे पैसे निराळे लागतात. म्हणून ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी नहराच्या शेपटाकडील शेतकऱ्यांस बरोबर घेऊन एकदा पायी फिरावे. कोणत्या बांधीत पाणी चढत नाही, रोवणीच्या दिवसांत किती पाणी लागते, बैलबंडी व ट्रॅक्टर कोठून ओलांडतात, हे लिहून काढावे. २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली पाणी वापर संस्था असल्यास तिच्या ठरावासह ते पाटबंधारे खात्याकडे द्यावे. आराखडा कसा करावा हे सांगू नये. पाणी कोठे, केव्हा व किती पोहोचावे एवढेच सांगावे. आणखी एक अट मागावी: काम ताब्यात घेण्यापूर्वी नहर पूर्ण क्षमतेने एक पाळी चालवावा, आणि मोजमाप शेवटच्या विमोचकावर, शेतकऱ्यांसमक्ष व्हावे.