जुन्या पासवर्डांची आवराआवर

एखादा भागीदार पेढीतून निवृत्त झाल्याचे पत्र आले, की बँकेत सर्वप्रथम त्याची नमुना-सही रद्द केली जाते. दुकानातील संगणकाच्या बाबतीत मात्र ही दक्षता आपण क्वचितच बाळगतो.

आमच्या नात्यातील एका कापड दुकानाचे दिवाणजी काम सोडून गेले. पुतण्याने तत्परतेने पेढीच्या ई-मेलचा पासवर्ड बदलला आणि संगणकाने विचारताच नवा पासवर्ड भरला. येणारी पत्रे सुरळीत येऊ लागली. परंतु पाठविलेली बीजके दोन दिवस ‘आउटबॉक्स’मध्येच अडकून राहिली. कारण साधे होते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालासाठी पासवर्डच्या दोन स्वतंत्र नोंदी होत्या. एक नवी झाली, दुसरी जुनीच राहिली.

अशा जुन्या नोंदी काढणे कठीण नाही. थंडरबर्डमध्ये ‘सेटिंग्ज’, पुढे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि तेथे ‘सेव्हड पासवर्ड्‌स’ उघडावे. आपल्या खात्याच्या ‘आयमॅप’ किंवा ‘पॉप’ (येणारे टपाल) व ‘एसएमटीपी’ (जाणारे टपाल) अशा दोन्ही नोंदी निवडून ‘रिमूव्ह’ करावे. आउटलुक वापरणाऱ्यांनी तो बंद करून विंडोजच्या ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ पाहावा. तेथे केवळ त्या ई-मेल खात्याशी संबंधित नोंद काढावी. इतर नोंदींना हात लावू नये. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर तो नवा पासवर्ड विचारतो.

‘पत्रे पुसली जातील काय?’ अशी शंका अनेकांना येते. पासवर्डची नोंद काढल्याने पत्रे जात नाहीत. संपूर्ण खाते काढून टाकणे ही निराळी गोष्ट आहे. ती येथे करावयाची नाही.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. थंडरबर्डच्या त्याच यादीत ‘शो पासवर्ड्‌स’ हे बटण असते. ‘प्रायमरी पासवर्ड’ लावलेला नसेल, तर संगणकासमोर बसणाऱ्याला साठविलेले पासवर्ड वाचता येण्याचा धोका असतो. म्हणून तो अवश्य लावावा. दुसरे म्हणजे, संगणकातील नोंद पुसली तरी खात्याचा पासवर्ड बदलत नाही. ज्याला तो ठाऊक आहे, तो अन्यत्र बसूनही खाते उघडू शकतो. म्हणून आधी पासवर्ड बदलावा आणि मग जुन्या नोंदी काढाव्यात.

दुकानातील माणूस बदलला, की गल्ल्याची किल्ली आपण त्याच दिवशी मागून घेतो. त्याच दिवशी हेही काम उरकावे; त्यास पंधरा मिनिटे पुरतात.