घरबसल्या राजदूत?

चिखलदऱ्याला आपण कशाला जातो? धुकं, गरमागरम भजी, पंचबोल पॉइंटवर मारलेल्या आरोळ्या आणि उतरताना बांधून घेतलेली रबडी. गाविलगडावर एक चक्कर, ग्रुप फोटो, की वीकेंड वसूल! पण याच गडाच्या आसपास एकेकाळी डिप्लोमसीचा पक्का डाव रंगला होता, हे किती जणांना ठाऊक असतं?

१५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, वऱ्हाडातल्या देवगावला दुसऱ्या रघुजी भोसल्यांशी तह झाला. भोसल्यांच्या वतीनं बोलणी केली यशवंतराव रामचंद्र यांनी. कटक गेलं, बालासोर गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. पण गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले. लढाईत गेलेला गड कागदावर परत आला! दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांच्या दरबारी राहतील, असंही कलम त्यात होतं.

वेलस्लीच्या छावणीत तेव्हा चोवीस वर्षांचा एक पोरगा होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत चिकटलेला आणि फारसीत तयार झालेला. पुढच्याच वर्षी तो नागपूर दरबारी रेसिडेंट म्हणून गेला. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो हाच, आणि त्यानं स्वतः विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती.

हे सगळं मी माझ्या मैत्रिणीला गडावर ऐकवलं, तर ती वैतागून म्हणाली, ‘‘त्याले फी भरा लागली नव्हती ना वं! मले भरा लागते.’’

अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी एका सरकारी बँकेत ऑफिसर आहे. सध्या पोस्टिंग चिखलदऱ्यात, घर खाली परतवाड्याला. दिवसभर केवायसी, पीक कर्ज आणि ‘सर्व्हर डाऊन आहे काका’. रात्री मात्र मॅडम लॅपटॉपवर परदेशी विद्यापीठांची ब्रोशर्स वाचतात. तिला ऑनलाइन एमए करायचंय, तेही चक्क डिप्लोमसीत. फीचा आकडा लाखांत. साठवलेले पैसे पुरत नाहीत, म्हणजे कर्ज आलंच. आणि घरात दुसऱ्या एका खर्चाची, म्हणजे तिच्या लग्नाची, बोलणी चालू आहेत. त्यामुळे हा नुसता ‘काहीतरी नवीन शिकूया’ टाइप छंद नाही. निर्णय चुकला तर पुढची चार-पाच वर्षं हप्ते भरण्यात जाणार.

तिच्या बाबांचा सवाल तर एकदम थेट होता. ‘‘घरी बसल्या बसल्या कोनी राजदूत होते काय? अन् त्या डिग्रीले पुसते कोन?’’

काकांचे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. फक्त ते दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि जाहिराती त्यांची मस्त खिचडी करून वाढतात.

राजदूत व्हायला काय लागतं?

भारतात तरी डिप्लोमसीची डिग्री लागत नाही. परराष्ट्र सेवेचा मुख्य दरवाजा म्हणजे यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. त्यासाठी कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. खुल्या गटाला वयाची मर्यादा बत्तीस आणि प्रयत्न सहा. परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला काही डझनच. निवड झाली की मसुरीला फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत ट्रेनिंग आणि एक परदेशी भाषा कंपल्सरी. म्हणजे डिप्लोमसी सरकारच शिकवतं, तेही पगार देऊन!

माणसं बघा. २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले इतिहासाचे एमए. २०२४ मध्ये त्या खुर्चीत बसलेले विक्रम मिस्री एमबीए. सेवेत येण्याआधी ते जाहिरात क्षेत्रात नोकरी करत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या बॅचचे. त्यांचं ‘माती, पंख आणि आकाश’ अनेकांनी कॉलेजात वाचलेलं असतं. एस. जयशंकर यांच्याकडे मात्र जेएनयूची आंतरराष्ट्रीय संबंधांतली डॉक्टरेट आहे. पण त्यांनाही आत सोडलं ते परीक्षेनंच.

तेव्हा ‘आमचा कोर्स करा आणि डिप्लोमॅट बना’ असं कुणी फोनवर सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. या शब्दाला ग्लॅमर इतकं आहे की २०२५ च्या जुलैत गाझियाबादला एक अख्खा बनावट दूतावास पकडला गेला. निळ्या नंबरप्लेटच्या गाड्या आणि वेस्टार्क्टिका नावाच्या, कुणीच मान्य न केलेल्या ‘देशा’ची पाटी! ऑनलाइन डिग्रीचा त्याच्याशी संबंध नाही. पण मोह तोच आहे.

(जाता जाता गंमत. डिप्लोमा आणि डिप्लोमसी ही सख्खी भावंडं. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ग्रीक भाषेतला दुमडलेला कागद आहे. वाद शेवटी कागदाच्या किमतीवरच येतो तो असा.)

मग पुसते कोण?

इथं गोष्ट इंटरेस्टिंग होते. ऑनलाइन म्हणजे भुक्कड, हा समज निदान कायद्यापुरता जुना झाला. यूजीसीचे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे नियम २०२० मध्ये आले. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगानं पुन्हा स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानायची. मेख ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात आहे. ही मान्यता नुसत्या विद्यापीठाला नसते, ती त्या-त्या कोर्सला आणि त्या-त्या शैक्षणिक सत्राला असते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर ती दहा मिनिटांत तपासता येते. विद्यापीठ नामांकित आहे म्हणून तिथला प्रत्येक कोर्स चालेल, असं गृहीत धरू नका.

परदेशी डिग्रीचं गणित वेगळं. इथं सरकारी नोकरी किंवा पीएचडीसाठी तिला समकक्षता लागते आणि ऑनलाइनच्या बाबतीत तिथं घोडं अडू शकतं. पैसे भरायच्या आधी लेखी उत्तर मिळवा. एखाद्या अॅप कंपनीनं परदेशी विद्यापीठाशी टाय-अप करून विकलेली डिग्री तर आणखी धोक्याची. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं अशा पदव्यांना मान्यता नसल्याचा इशारा जाहीरपणे दिला होता.

पण सगळं परदेशी ऑनलाइन शिक्षण म्हणजे बकवास, असंही नाही. लंडनच्या सोआसचा ग्लोबल डिप्लोमसीचा एमए आहे, अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या नॉर्विच युनिव्हर्सिटीचाही आहे. मला स्वतःला सगळ्यात पटलेलं उदाहरण मात्र माल्टाचं. माल्टा आणि स्वित्झर्लंडच्या सरकारांनी २००२ मध्ये डिप्लो फाउंडेशन ही संस्था उभी केली. लहान आणि विकसनशील देशांच्या डिप्लोमॅट्सना नोकरी न सोडता शिकता यावं, हा उद्देश. माल्टा विद्यापीठाबरोबर त्यांनी समकालीन डिप्लोमसीची मास्टर्स चालवली. थोडे दिवस माल्टात प्रत्यक्ष, बाकी ऑनलाइन. भारताचे निवृत्त राजदूत किशन राणा तिथं शिकवायचे. शिकवण्याची पद्धतही साधी: मजकूर वाचायचा, त्याच्या समासात टिपणं लिहायची, दुसऱ्याच्या टिपणावर वाद घालायचा. मेळघाटात व्हिडिओ कॉल दर पाच मिनिटांनी गोठतो हो, पण मजकूर मात्र येतो!

म्हणजे अशा डिग्रीला किंमत येते ती तुमच्याबरोबर वर्गात कोण बसलंय त्यावरून. घाना किंवा फिजीच्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी तुमच्या टिपणावर ‘हे आमच्याकडे चालणार नाही’ असं लिहीत असेल, तर ती फी मला पटते. वर्गात सगळेच ‘डिप्लोमॅट बनायचंय’वाले असतील आणि लेक्चर्स दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेली असतील, तर तुम्ही महागडी पीडीएफ विकत घेताय.

संयुक्त राष्ट्रांचं म्हणाल, तर तिथल्या प्रोफेशनल दर्जाच्या बहुतेक पदांना मास्टर्स मागतात. नाहीतर पदवी आणि दोन वर्षांचा जादा अनुभव. पदवी देणारी संस्था युनेस्कोच्या सहकार्यानं चालणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांच्या जागतिक डेटाबेसमध्ये आहे का, हे ते बघतात. तुम्हीही बघा. त्यांचा यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम बत्तिशीपर्यंतच्या पदवीधरांसाठी असतो, फक्त त्या वर्षी आपला देश यादीत असावा लागतो.

मैत्रिणीच्या केसमध्ये मी जरा भांडलेच. तिला खरं काय हवंय? कॅश काउंटरपासून सुटका, की जग कसं चालतं ते समजून घेणं? नुसती सुटका हवी असेल तर डिग्री हा फार महागडा मार्ग. यूपीएससी द्यायची तर आत्ताच, कारण हातात चार वर्षं आहेत आणि तिथं हा एमए फार तर आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्रश्नांना उपयोगी. पण बँकिंगचा अनुभव अधिक परराष्ट्र व्यवहाराची समज, हे कॉम्बिनेशन मला दमदार वाटतं. मुंबईत एक्झिम बँक आहे, निर्यातदारांचा विमा उतरवणारी ईसीजीसी आहे. कुठला देश पैसे बुडवू शकतो याचा अंदाज बांधणं, हे त्यांच्या कामातच येतं. परदेशी वकिलातींमध्ये व्यापार आणि अर्थकारणाच्या डेस्कवर स्थानिक माणसं लागतात. तिथं एकट्या डिग्रीला कुणी विचारणार नाही; सहा वर्षांच्या बँकिंगच्या जोडीला ती असेल तर निदान मुलाखतीत बोलायला विषय मिळेल.

आणि त्यासाठी लाखांचीच डिग्री हवी असंही नाही. इग्नूचा राज्यशास्त्राचा एमए दूरशिक्षणानं काही हजारांत होतो. त्यात आंतरराष्ट्रीय संबंध आहेतच. पुस्तकं जाडजूड, मार्गदर्शन यथातथा आणि ग्लॅमर शून्य. मान्यतेचा मात्र प्रश्न नाही. त्याही आधी ‘स्वयम’ पोर्टलवर या विषयाचा एखादा फुकट कोर्स करून बघावा. बँकेतून दमून आल्यावर, रेंज शोधत, पंधरा आठवडे आपण टिकतो का, हे कुठलंच ब्रोशर सांगत नाही.

तिनं हे सगळं ऐकलं आणि पूर्ण मानलं नाही. ‘‘तू मुंबईत बसून म्हणतेस इग्नू कर. मले इथं बोलाले कोनी नाही या विषयावर. मी पैसे त्याच्यासाठी भरून राहिली,’’ असं तिचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिखलदऱ्यात संध्याकाळी सातनंतर बाजार सामसूम होतो. तिथं आफ्रिकेतल्या कर्जांवर वाद घालणारं कुणी भेटणं ही चैन नाही, गरज असू शकते.

आता मधला मार्ग निघालाय. कर्ज काढायचं नाही, हे काकांचं कलम तिनं मान्य केलंय. काकांनी जानेवारीपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, हे तिचं. तोवर ती फुकटचा कोर्स करतेय आणि दोन परदेशी विद्यापीठांना तिनं ई-मेल टाकलाय: मागच्या बॅचमध्ये कोणत्या देशांचे, कुठल्या कामातले किती लोक होते, शिक्षक आठवड्याला किती तास प्रत्यक्ष उत्तरं देतात आणि कोर्स मध्येच सोडला तर किती पैसे परत मिळतात. एकाकडून दुसऱ्याच दिवशी डिस्काउंटची ऑफर आली. दुसऱ्यानं पाच दिवस घेतले आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली.