विजेच्या सिगारेटींतला द्रव

माझ्या एका स्नेह्यांनीं परवां एक इवलीशी कुपी माझ्यापुढें आणून ठेवली. कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजीवांच्या खणांत ती सांपडली होती. बूच काढतांच आंब्याचा घमघमाट सुटला. "यांत तंबाखू नाहीं, धूर नाहीं, राख नाहीं, मग बिघडलें काय?" असा मुलाचा सवाल, आणि वडील निरुत्तर. मला वाटतें, याचें उत्तर रसायनशास्त्रानेंच द्यावें.

विजेच्या सिगारेटींत घालतात तो द्रव म्हणजे ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकोल, निकोटीन आणि सुगंधी द्रव्यें यांचें मिश्रण. ग्लिसरीन आपण थंडींत ओठांना लावतों. दुसरें त्याचेंच भावंड असून औषधांत व खाद्यपदार्थांत चालतें. नळींतील बॅटरीनें तारेचें वेटोळें तापतें, द्रवांत भिजलेल्या वातींतून वाफ निघते आणि ती लगेच निवून तिचे सूक्ष्म थेंब होतात. म्हणजे तोंडांतून बाहेर पडतें तें धूर नव्हे, धुकें. रंगभूमीवर देखाव्यासाठीं सोडतात त्याच जातीचें. यांत डांबर नाहीं, आणि पेटलेल्या तंबाखूंतलीं अनेक विषें एक तर नसतात किंवा फार कमी असतात, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

परंतु उष्णता पदार्थाला आहे तसा राहूं देत नाहीं. कढईंतलें तेल चुलीवर विसरलें, तर डोळ्यांना झोंबणारा वास घरभर पसरतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. तेलाच्या घटनेंत ग्लिसरीन असतें. फाजील तापानें त्याच्या रेणूंतून पाण्याचे दोन रेणु निघून गेले कीं ॲक्रोलीन हा दाहक पदार्थ उरतो. वात ओली असते तोंवर उडणारा द्रव तारेची उष्णता शोषून घेतो. ती सुकली कीं नळींतहि कढईंतलाच प्रकार घडतो, आणि जोडीला फॉर्मॅल्डिहाइड तयार होतें. प्रयोगशाळेंत मेलेले बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्यें टिकवून ठेवतात, त्यांतला वायु तो हाच.

खरी मेख मात्र निकोटीनमध्यें आहे. निकोटीन हें अल्कधर्मी. मोकळ्या स्थितींत तें घशाला इतकें खवखवतें कीं नवशिका ठसका लागून हात आंखडता घेतो. निसर्गानें बसविलेला हा पहारेकरीच म्हणा ना! २०१५ सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेल्या 'जूल' या नळीनें त्यालाच चुकविलें. निकोटीनमध्यें बेन्झोइक आम्ल मिसळलें कीं त्याचा क्षार बनतो, आणि तो घशाला सौम्य लागतो. त्यामुळें वजनानें शेंकडा ५, म्हणजे एका मिलिलिटरांत सुमारें ५९ मिलिग्रॅम निकोटीन असलेला द्रव ठसका न लागतां ओढतां येऊं लागला. युरोपीय संघाच्या नियमांत ही मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. चव गोड, घसा शांत आणि मात्रा जवळजवळ तिप्पट. व्यसन जडायला आणखी काय हवें?

सुगंधी द्रव्यें 'खाण्यास योग्य' असल्याचें विक्रेते सांगतात. खरें आहे, पण तीं खाण्यास योग्य आहेत, हुंगण्यास नव्हे. लोण्याचा वास देणारें डायॲसिटिल पोटांत निरुपद्रवी. परंतु अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यांतील कांहीं कामगारांना त्याच्या वाफांनीं सूक्ष्म श्वासनलिका आकसण्याचा, बरा न होणारा विकार जडल्याचें २००० सालीं उघडकीस आलें. २०१९ मध्यें त्याच देशांत चोरट्या व्यापाऱ्यांनीं गांजाच्या अर्काचा द्रव दाट करण्यासाठीं त्यांत ई-जीवनसत्त्वाचें ॲसिटेट मिसळलें. फुप्फुसांच्या आजारानें फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयांत दाखल झाले अथवा दगावले. त्यांत मृत्यु ६८. मुख्य आरोप आला तो, एरवीं गोळींतून खुशाल घेतां येणाऱ्या या पदार्थावरच.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानें या नळ्यांचें उत्पादन, आयात व विक्री बंद आहे. तेव्हां अशी कुपी येते ती आडमार्गानेंच. माझ्या स्नेह्यांनीं आणलेल्या कुपीवर पिकल्या आंब्याचें सुंदर चित्र होतें. निकोटीन किती, तो आंकडा मात्र कोठेंच छापलेला नव्हता.